किती सोसायचं?

आण्णांना मुंबईच्या दवाखान्यातून परत आणलं ते १९९३ च्या मार्गशीर्षात. गालातली गाठ फुटून जखम बाहेर आली होती. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चार ओळी लिहिल्या, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "घरी न्या. आता काही करण्यासारखं नाही." आण्णांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. पण माणसाला कळतं. साताऱ्याच्या स्टँडवर येष्टी थांबली तेव्हा तोंडावरचं उपरणं जरा बाजूला करून म्हणाले, "लवकर सोडलं रं त्यांनी."

पुढचे साडेतीन महिने मी आयुष्यात कुणाला फारसे सांगितले नाहीत. आज लिहितोय.

सोप्यात आण्णांची बाज होती. पहिल्या आठवड्यात भेटायला येणारी माणसं बाजेजवळ बसायची. मग जखमेला वास सुटला. आई सकाळ-संध्याकाळ धूप घालायची, कडुनिंबाचा पाला अंथरायची. तरी माणसं हळूहळू उंबऱ्याकडं सरकली. नंतर अंगणातनंच विचारपूस करू लागली. ज्या माणसाच्या चंचीतली तंबाखू अर्ध्या गावानं खाल्ली, त्याच्याजवळ बसायला कुणी उरलं नाही.

आणि रात्री. कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून आण्णा वाकळेचं टोक दातात धरायचे. तालुक्याचे डॉक्टर मोटारसायकलवरून यायचे, सुई द्यायचे. दोन तास बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. शेवटच्या महिन्यात ते येईनासे झाले. आमच्या दारावरून जाताना मान दुसरीकडं वळवायचे. त्याचा राग मी पुढं वीस-पंचवीस वर्षं मनात धरला.

गावाकडं अशा दुखण्याला एक उत्तर तयार असतं. "भोग हाय बाबा. भोगूनच सपवायचा." म्हातारी माणसं हे दुष्टपणानं म्हणत नव्हती. ज्याला उपाय नाही त्याला काहीतरी अर्थ तर द्यावा लागतो. मी शाळामास्तर, चार बुकं शिकलेला. पण माझ्याकडंही दुसरं उत्तर नव्हतं. एका रात्री मी म्हणालो, "आण्णा, थोडं सोसा."

ते म्हणाले, "सोसतूय की. किती सोसू त्ये तरी सांग."

मी उठून गोठ्यात गेलो. बैलांना वैरण घातलेली होती, तरी पुन्हा घातली.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, करोना ओसरल्यावर, आमच्या थोरल्या चुलतभावाच्या मंडळींना, म्हणजे आमच्या वहिनींना तेच दुखणं झालं. जन्मभर मिश्री लावलेली. ऑपरेशन झालं, शेक झाले, तरी वर्षाच्या आत गाठ परत आली. पुन्हा तोच कागद, पुन्हा तेच "घरी न्या". पुतण्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातापायातलं त्राणच गेलं. मला पुढचं सगळं माहीत होतं.

पण पुढं तसं झालं नाही, आणि का झालं नाही, याचाच विचार मी अजून करतोय.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वहिनींना बघून, जखम बघून, त्या सरळ म्हणाल्या, "मास्तर, यातलं मला सगळं येत नाही. गुरुवारी विचारून सांगते." मला धक्काच बसला. डॉक्टरानं "येत नाही" म्हणायचं असतं का? पुतण्या तर चिडलाच. "हिला येत न्हाय म्हंत्या, मग आमी कुनाकडं जायाचं?"

गुरुवारी दुपारी त्या संगणकासमोर बसत. वेगवेगळ्या तालुक्यांतले दहा-पंधरा डॉक्टर आणि नर्स पडद्यावर जमत. दूरच्या शहरातले तज्ज्ञही असत. प्रत्येकानं आपला एक अवघड रुग्ण मांडायचा, नाव न सांगता. मग सगळ्यांनी मिळून त्याचा विचार करायचा. तज्ज्ञ वहिनींना तपासत नव्हते, औषधही लिहून देत नव्हते. ते डॉक्टरीणबाईंना शिकवत होते. वहिनींची डॉक्टर आमचीच राहिली.

ही पद्धत मुळात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातली. डॉ. संजीव अरोरा हे भारतातून तिकडं गेलेले डॉक्टर. हिपॅटायटिस-सी या यकृताच्या आजाराचे रुग्ण शेकडो मैलांवरून त्यांच्याकडं यायचे, नंबर लागायला कित्येक महिने जायचे, तोवर आजार पुढं गेलेला असायचा. रुग्णाला ज्ञानापर्यंत आणण्यापेक्षा ज्ञानच रुग्णापर्यंत न्यावं, असं त्यांनी ठरवलं आणि २००३ मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. खेड्यातल्या डॉक्टरांनी या पद्धतीनं शिकून केलेले उपचार विद्यापीठाच्या दवाखान्याइतकेच गुणकारी ठरले, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं. पुढं ही रीत बऱ्या न होणाऱ्या दुखण्यातल्या सेवेसाठी, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरसाठीही वापरात आली. आपल्याकडं केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी सुरू केलेली 'पॅलियम इंडिया' ही संस्था अशी शिकवणी घेते.

पहिल्या गुरुवारनंतर डॉक्टरीणबाई घरी आल्या आणि बाजेवर वहिनींच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "मला तिथं पाच प्रश्न विचारले, त्यातल्या तिनांची उत्तरं माझ्याकडं नव्हती." रात्री किती वेळा जाग येते? पोट कधी साफ झालं? घरात उचलणारं, धुणारं कोण आहे? आजाराबद्दल त्यांना किती ठाऊक आहे? आणि त्यांना स्वतःला काय हवंय?

शेवटचा प्रश्न तर आम्हीही कधी विचारला नव्हता. वहिनी म्हणाल्या, "मला म्हमईला नगं न्हेऊ. नातीच्या बारशाला चार बायकांत बसता यावं, येवढंच."

वासावर औषध निघालं ते असं, की मी थक्क झालो. जुलाबाला देतात ती मेट्रोनिडाझोलची गोळी कुस्करायची आणि तिची पूड जखमेवर टाकायची. चार-पाच दिवसांत वास निम्म्याहून कमी झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती गोळी १९९३ सालीही आमच्या फळीवर असायची हो. आई धूप घालत होती, पाला अंथरत होती, आणि वरच फळीवर गोळ्यांची पट्टी पडलेली होती. औषध घरात होतं, माहिती घरात नव्हती.

दुखण्यावर मॉर्फिन सुरू झालं. अफूपासून होतं म्हटल्यावर पुतण्या घाबरला. "नाद लागंल. आन ह्ये दिलं की मानूस संपलं म्हंत्यात." बाईंनी त्याला बसवून समजावलं. दुखण्यासाठी बेतानं, वाढवत वाढवत दिलेल्या गोळीनं माणूस नादी होत नाही, आणि ही गोळी म्हणजे मरणाचा निरोपही नव्हे. मुख्य गोष्ट म्हणजे दुखायला लागल्यावर द्यायची नाही, घड्याळ बघून द्यायची. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्ये उठवायला नको. सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज, चुकवायचं नाही. पुतण्यानं मुलीच्या शाळेच्या वहीत रकाने आखले आणि टिकमार्क करू लागला.

सगळंच गोड झालं असं मी सांगणार नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिनभोवती इतकी कुंपणं घातली, की कित्येक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला, तरी आमच्या भागात ते जिल्ह्याच्या गावीच मिळायचं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात अफूचं कायदेशीर पीक निघतं, आपला देश अफू परदेशी पाठवतो, आणि इथं दिवाळीत गोळ्या संपल्या म्हणून वहिनींच्या दोन रात्री वाईट गेल्या. एका गुरुवारी रेंजच नव्हती. पडद्यावरून ज्ञान येतं, गोळी येत नाही. शेकाचं मशीन येत नाही. कुशीला वळवणारा हात तर नाहीच नाही. त्यामुळं ही सोय दाखवून कुणी म्हणू लागलं, की खेड्याला आता मोठ्या दवाखान्याची गरज नाही, तर ते मला मान्य नाही. गरिबाची बोळवण करायला पडदा वापरू नये.

तरीही त्या बाईंच्या "येत नाही, विचारून सांगते" या शब्दांपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. "आता काही करण्यासारखं नाही" हे वाक्य आम्ही ब्रह्मवाक्य मानलं होतं. गाठ बरी होणार नव्हती, तेवढं त्यात खरं होतं. पण वासाचं, झोपेचं, पोटाचं, भीतीचं करण्यासारखं पुष्कळ होतं. त्या वाक्याचा खरा अर्थ होता, "काय करायचं ते आम्हाला ठाऊक नाही." ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्यानं दार बंद होतं. दुसरं वाक्य ऐकलं की माणूस विचारायला बाहेर पडतो.

मग दोष कुणाचा? न कळणं हा गुन्हा नाही. वहिनींच्या दिवसकार्यानंतर मी तालुक्याच्या त्या जुन्या डॉक्टरांकडं मुद्दाम गेलो. आता थकलेत, ऐकू कमी येतं. मी वहिनींची सगळी हकीकत सांगितली. जुलाबाच्या गोळीचं ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मास्तर, मला तेव्हा विचारायला कोण होतं?" आणि थोड्या वेळानं, "तुमच्या दारावरून जायची लाज वाटायची."

इतकी वर्षं मी त्याला निर्दयपणा समजत होतो. तो एकट्या पडलेल्या माणसाचा पळ होता. मी गोठ्यात गेलो, ते दुसऱ्या रस्त्यानं गेले. दोघांनाही त्या बाजेपाशी थांबायचं कसं ते शिकवलं नव्हतं. म्हणून मला वाटतं, ज्याला येत नाही त्यानं तसं सांगावं, हे त्याचं कर्तव्य. आणि ज्याला येतं त्यानं विचारायची वाट उघडी ठेवावी, विचारणाऱ्याला कमी लेखू नये, हे त्याचं. दुसरं कर्तव्य मोठं आहे. ते पाळलं गेलं नाही, तर पहिलं पाळायला छोट्या गावातल्या डॉक्टरला धीरच होत नाही.

वहिनी बारशाला खुर्चीत बसल्या. जवळजवळ तासभर. बायका त्यांना खेटून बसल्या होत्या, मांडीवर नात होती. मला बघून म्हणाल्या, "भावजी, आज गुडगंच तेवढं दुकत्यात." पुढं तीन आठवड्यांनी, पहाटे, झोपेतच गेल्या.

आण्णांनी विचारलं होतं, किती सोसू ते सांग. त्याचं उत्तर मला आता ठाऊक झालंय. एवढं सोसायची गरज नव्हती, आण्णा. तो तुमचा भोग नव्हता, आमचं अज्ञान होतं. हे सांगायला फार उशीर झाला. पण कुणाच्या तरी सोप्यात आज रात्री बाज असेल, म्हणून इथं लिहून ठेवलं.