दोर आपला असावा

शाळेत मराठी शिकवताना दरवर्षी दोन निबंध मी मुलांकडून हटकून लिहवून घेतो. एक 'स्वावलंबन' आणि दुसरा 'परोपकार'. मुलेही हटकून तेच लिहितात. पहिल्या निबंधात कोणापुढे हात पसरू नये असे येते आणि दुसऱ्यात पसरलेला हात रिकामा पाठवू नये असे येते. दोन्ही वह्या मी तपासतो, दोन्हींवर 'छान' असा शेरा मारतो आणि पुढच्या वर्गावर जातो. पण दोनेक वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, सगळेच स्वावलंबी झाले, तर परोपकार कोणावर करायचा?" वर्ग हसला. मीही हसलो आणि तिला खाली बसायला सांगितले. उत्तर येत नसले म्हणजे आम्हा शिक्षकांना विद्यार्थ्याला खाली बसवण्याची मोठी सोय असते.

तो प्रश्न मात्र खाली बसला नाही. मी कादंबऱ्याही लिहितो, आणि माझ्या कादंबऱ्यांतले नायक सगळे एका साच्याचे आहेत. ते मोडतात, पण कोणाकडे काही मागत नाहीत. वाचकांना ते आवडतात, आणि खरे सांगायचे तर मलाही आवडत होते. त्यांचा ताठा मी माझ्याच स्वभावातून उचललेला होता. तो किती पोकळ आहे हे मला समुद्रावर कळले. आता नारायणगावच्या माणसाचा समुद्राशी संबंध काय, असे कोणीही विचारील. आमच्याकडे मीना आणि कुकडी या नद्या आणि धरणांचे कालवे. पाण्याशी आमचा परिचय तेवढाच. पण २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात आमच्यापासून पंधराएक किलोमीटरवरचा शिवनेरी होता आणि अलिबागजवळ समुद्रातला खांदेरीही होता. माझे साडू थळच्या बाजूला नोकरीला आहेत. त्यांनी कळवले, "तुमचा किल्ला आम्ही पाहिला, आता आमचा पाहायला या." म्हणून त्या दिवाळीच्या सुट्टीत बायकामुलांसह आम्ही थळला गेलो.

साडूंच्या ओळखीच्या एका कोळी नाखव्याने आम्हांला आपल्या मचव्यातून खांदेरीला नेले. १६७९ मध्ये शिवाजीमहाराजांनी हे बेट बांधायला घेतले, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांनीही ते होऊ नये म्हणून जंग जंग पछाडले होते. तट, तोफा, दीपगृह असे सगळे मुलांना दाखवून झाले. दुपार कलल्यावर परत निघालो, आणि निम्म्या वाटेवर इंजिनाचा आवाज बदलला. घरघरला आणि थांबला.

जमिनीवर गाडी बंद पडली की ती निदान जागच्या जागी उभी राहते. समुद्रावर बंद पडलेली होडी उभी राहत नाही, वारा आणि पाणी नेईल तिकडे चालू लागते. मला वाटले, नाखवा आधी इंजिनाकडे धावेल. त्याने आधी नांगर टाकला. दोर ताणला, नांगराने तळ धरला याची खात्री झाली, मग त्याने पेटी उघडली. त्या पेटीत पाने, पक्कड, जादा पट्टा, तारेचे तुकडे, सुरी, चिंध्या, सगळे होते. कोणाचे तरी वाहून आलेले तुटके जाळे पंख्यात गुंतले होते. त्याचा तरुण खलाशी सुरी घेऊन पाण्यात उतरला, चार वेळा बुडी मारली आणि ते जाळे कापून काढले. पण त्या झटक्याने आत कुठेतरी एक बोल्ट तुटला होता. नाखव्याने तोही बदलून पाहिला. पाऊण तासाने तो उठला, हात पुसले, घड्याळाकडे नाही तर सूर्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आता हाक मारायची."

दूरवरून मासळी घेऊन परतणारा एक मचवा दिसत होता. खलाशाने सदरा काढून काठीला बांधला आणि हलवला. तो मचवा वळला. तो जवळ येईपर्यंत नाखव्याने फळीखालून एक लांब, जाड, कोरडा दोर काढून तयार ठेवला. मी विचारले, "दोर त्यांच्याकडे नसेल का?"

तो म्हणाला, "असंल ना. पण मास्तर, तो आपल्यासाठी तेल जाळनार, टाइम घालवनार. बाजार चुकला तर मासळीचा भाव पडनार. निदान दोर तरी आपला नको?"

दोर फेकला गेला, बांधला गेला आणि आमचा मचवा ओढला जाऊ लागला. आता नाखवा निवांत बसेल अशी माझी कल्पना. तोही भ्रम निघाला. ओढल्या जाणाऱ्या होडीनेही आपले सुकाणू धरून ठेवावे लागते. नाही तर ती मागे झोकांड्या खाते, दोराला हिसके देते आणि पुढच्यालाही धोक्यात घालते. किनारा येईपर्यंत त्याने सुकाणू सोडले नाही.

किनाऱ्याला लागल्यावर मी खिशात हात घालून त्या दुसऱ्या नाखव्याकडे गेलो. त्याने माझ्या हाताकडे पाहिले, हसला आणि टोपल्या उतरवायला लागला. आमच्या नाखव्यानेही त्याचे आभार मानले नाहीत. मला ते खटकले. परतताना साडूंनी खुलासा केला. जाळी लावण्याच्या जागेवरून त्या दोन घरांत चार वर्षांचा वाद होता. ते एकमेकांशी बोलत नव्हते. त्याने वळताना आमचा मचवा कोणाचा आहे हे ओळखले नसेल का? मचव्याच्या रंगावरून लांबूनच ओळखतात. ओळखले, आणि तरी तो वळला. दोर सोडला, आणि पुन्हा अबोला सुरू झाला.

घरी परतल्यावर मी या विषयावर हाताला लागेल ते वाचीत गेलो. कोळ्यांची ही रीत जगभरच्या दर्यावर्द्यांची रीत आहे, आणि कायद्याने ती मागाहून लिहून घेतली आहे. १९१० मध्ये ब्रसेल्सला झालेल्या करारात दोन गोष्टी ठरल्या. समुद्रात जीव धोक्यात असलेल्या माणसाला, तो शत्रू असला तरी, आपल्या जहाजाला गंभीर धोका नसेल तर मदत करणे कप्तानावर बंधनकारक आहे. आणि जहाज किंवा माल वाचवला तर त्याचा मोबदला मागता येईल. पण ज्याचा जीव वाचवला, त्याच्याकडून काही घेता येणार नाही. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यातही मदतीचे हे बंधन आहे. त्या नाखव्याने माझ्या खिशातल्या हाताला हसून जे सांगितले, तेच ब्रसेल्सच्या कागदात होते!

कायदा आहे म्हणून तो पाळला जातो असे मात्र नाही. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा कार्पेथिया नावाची बोट हिमनगांतून रात्रभर धावत आली आणि तिने सातशेच्या आसपास माणसे उचलली. त्याच रात्री कॅलिफोर्नियन नावाची बोट तिच्यापेक्षा पुष्कळ जवळ होती. तिचा बिनतारी यंत्रावरचा माणूस झोपी गेला होता. डेकवरच्या अधिकाऱ्यांनी आकाशात उडणारे बाण पाहिले, आणि बोट हलली नाही. याच्या उलट आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी लाटांत कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. जी थोडी वाचली, त्यांतल्या कित्येकांना मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी वाचवले. होड्यांत माणसांना जागा करायची म्हणून त्यांनी विकायला नेत असलेली मासळी समुद्रात टाकून दिली. त्यांना ब्रसेल्सच्या कराराचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मग आम्हा घाटावरच्या माणसांजवळ असे काही नाही का? आहे. आमच्याकडे सावड आहे. आज तुझ्या रानात माझी माणसे, उद्या माझ्या रानात तुझी, हिशेब चोख. इर्जिकही आहे. एखाद्याची नांगरट अडली की शेजारी आपापली बैलजोडी घेऊन येत आणि एका दिवसात रान उलथून देत. घरधनी सगळ्यांना जेवू घाली. ट्रॅक्टर आले तशी इर्जिक विरळ झाली. पण या दोन्ही रीतींत माणसे ओळखीची आणि परतफेड नजरेसमोर असते. समुद्रावरच्या मदतीत परतफेड त्याच माणसाला होईल याची खात्री नसते. आज ज्याने मला ओढले त्याला मी कधीच ओढणार नाही कदाचित. मी तिसऱ्याच कोणाला ओढीन. कर्ज एकाचे आणि फेड दुसऱ्याला, असा तो व्यवहार आहे.

एमर्सन या अमेरिकन लेखकाने १८४१ मध्ये 'स्वावलंबन' याच नावाचा निबंध लिहिला. माणसाने आपल्या पायांवर उभे राहावे, हे त्याने फार जोमाने सांगितले आहे. पण दुसऱ्याला दान म्हणून दिलेल्या नाण्याचीही त्याला खंत वाटे, आणि तिथे तो मला परका वाटतो. त्याचे स्वावलंबन स्वतःपाशी सुरू होते आणि स्वतःपाशीच संपते. थळच्या नाखव्याचे तसे नव्हते. त्याची पेटी, त्याचा पट्टा, त्याचा दोर हे सगळे त्याने स्वतःच्या मोठेपणासाठी बाळगले नव्हते. त्याला ठाऊक होते की आपण हाक मारली तर समोरच्याला 'नाही' म्हणता येणार नाही. आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्याकडे उगाच मागणे म्हणजे त्याच्यावर जुलूमच. जो नांगर न घेता, दोर न घेता, अपुऱ्या तेलावर समुद्रात जातो, तो धाडसी नसतो. तो दुसऱ्याच्या चांगुलपणावर आधीच उचल घेऊन निघालेला असतो.

म्हणजे स्वावलंबन हा अहंकाराचा नव्हे, विनयाचा गुण आहे. मदत स्वस्त नसते हे ज्याला कळते, तो तयारी करतो. आणि ज्याच्याजवळ तयारी असते, तोच दुसऱ्याच्या हाकेला वळू शकतो. रिकामी पेटी कोणाच्या काय कामाची?

कोणी म्हणेल, मग हाक मारूच नये. हा दुसरा अपराध. नाखवा पाऊण तास झटला आणि उजेड होता तोवर हाक मारून मोकळा झाला. शेजारी भांडणातला आहे म्हणून तो अंधार पडेपर्यंत थांबला असता, तर त्याच्या ताठ्याची किंमत माझ्या मुलांनी मोजली असती. आज तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर समुद्रातून हाक मारता येते. तीही वेळेवर मारली तरच उपयोगाची. कमी तयारीने निघणे आणि उशिरा हाक मारणे ही एकाच दोषाची दोन तोंडे आहेत. दोन्हींत माणूस फक्त स्वतःकडे पाहत असतो.

हे सगळे मी इतक्या ठामपणे लिहीत आहे, याचे कारण सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाही. माझे थोडे वडिलोपार्जित रान आहे. बांधापलीकडे माझ्या चुलतभावाचे रान आहे. बांधावरून आमचे वाजले होते. तीन-चार वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात, त्याचा टोमॅटो फुलोऱ्यात असताना, त्याच्या विहिरीवरची मोटर जळाली. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारावर आमच्या भागातल्या घरांचे वर्षाचे गणित अवलंबून असते. मोटर भरून यायला चार दिवस लागले. माझ्या विहिरीत पाणी होते, मोटर चालू होती. त्याने मागितले नाही. मी दिले नाही. तो मनात म्हणाला असेल, मी स्वावलंबी आहे. मी मनात म्हणालो, मागितले असते तर दिले असते. चार दिवस बांधावर उभा राहून मी ती झाडे माना टाकताना पाहिली. त्याचा हंगाम अर्धा बुडाला. मी कोणाचे काही बिघडवले नव्हते. आकाशात उडणारे बाण मात्र पाहिले होते.

थळहून आल्यावर ती झाडे मला पुन्हा दिसू लागली. तरी मी त्याच्याकडे गेलो नाही. ताठा असा एका सहलीत जात नाही. मी एवढेच केले की दोनशे फूट पाइप आणून ठेवला.

यंदाच्या उन्हाळ्यात माझी मोटर जळाली. एक दिवस मी दुरुस्तीच्या मागे घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाइप खांद्यावर घेऊन बांध ओलांडला आणि त्याच्या विहिरीवर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "दोन दिवस पाणी हवंय." त्याने माझ्याकडे पाहिले, पाइपाकडे पाहिले. तो काही बोलला नाही. पाइपाचे तोंड घेतले, जोडले आणि बटण दाबले. विजेचे पैसे मी विचारले तेव्हा तोही थळच्या माणसासारखाच हसला. त्या हसण्यात माझ्या चार दिवसांचा हिशेब असावा, असे मला वाटले. तो त्याने मांडला नाही, म्हणून मीच मांडला. "त्या वर्षी मी यायला हवं होतं," असे म्हणालो. तो म्हणाला, "मीही मागायला हवं होतं."

बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. तो मोजणीला लागला आहे. परवा त्याच्या घरून आमच्याकडे दिवाळीच्या फराळाचे ताट आले. ताट रिकामे परत करायचे नसते. म्हणून हा लेख लिहीत असताना सौभाग्यवती स्वयंपाकघरात करंज्या तळीत आहे, आणि ताट पोहोचवायला मला जायचे आहे.

त्या मुलीने शाळा सोडली, ती पुढे शिकायला गेली. तिचा पत्ता मिळाला तर तिला कळवीन : बाई ग, सगळे स्वावलंबी झाले तरी बोल्ट तुटायचे थांबणार नाहीत. परोपकार त्या वेळी लागेल. फक्त हाक मारताना दोर आपला असावा, आणि कोणी ओढीत असले तरी सुकाणू सोडू नये.