काट्यांच्या मधली मोकळी जागा

बसा. पाठ कशाला तरी टेकू द्या.

आपण भरवेलीत आहोत. बालाघाट शहराशेजारचं खाणीचं गाव. पायाखाली मॅंगनीजची खाण खोल खोल उतरत गेली आहे. आशियातल्या भूमिगत मॅंगनीज खाणींत सर्वांत खोल म्हणून तिचं नाव घेतात.

तळहातावर त्या खनिजाचा एक खडा आहे, असं मनाशी धरा.

काळा. थंड. दिसायला लहान, हाताला जड. ब्रॉनाइटचा असेल तर तेवढ्याच पाण्याच्या साडेचार पटींहून जास्त भरतो.

हात किंचित खाली जातो. जाऊ द्या.

श्वास घ्या. सोडा.

हा खडा एके काळी समुद्रतळावरचा गाळ होता. भूवैज्ञानिक इथल्या खडकांना सौसर समूहात धरतात. वय १०० कोटी वर्षांच्या आसपास, कदाचित त्याहूनही मागचं. गाळ बसला. त्यावर आणखी गाळ बसला. मग सगळं खाली गेलं, दबलं, तापलं, दुमडलं. १९०९ साली ल्युइस ली फर्मर यांनी भारतातल्या मॅंगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात या मुलखाला बरीच जागा आहे. गार्नेट आणि क्वार्ट्‌झ मिळून झालेल्या इथल्या खडकाचं ‘गोंडाइट’ हे नावही त्यांनीच दिलेलं.

आज जे पाहायला बसलो आहोत, ते या खड्यात नाही.

ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

आपल्याला पाहायची आहे डायनोफ्लॅजेलेटची सिस्ट. पाण्यात तरंगणारा एकपेशीय जीव, आणि त्याने विश्रांतीसाठी स्वतःभोवती बांधलेलं कवच. खात्रीने ओळखू येणाऱ्या सर्वांत जुन्या सिस्ट साधारण २४ कोटी वर्षांपूर्वीच्या, ट्रायासिक काळातल्या. भरवेलीचा गाळ त्याच्या कितीतरी आधी भाजून निघाला होता. त्या आचेत कुठलीही सेंद्रिय भिंत काळी पडून ओळखीपलीकडे जाते.

खडा खाली ठेवा. हात रिकामा होऊ द्या.

समुद्र नंतरही या बाजूला येऊन गेला आहे. सिवनीपलीकडच्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली आहे. तिथे दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये सापडलेल्या गाळात फोरॅमिनिफेरा या सागरी जीवांची बारीक कवचं मिळाली. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांमागे खारं पाणी मध्य भारतात आतवर शिरलं होतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. तेव्हा त्याच जिल्ह्यात असलेल्या सौसरच्या चर्ट खडकामध्ये बिरबल साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तळ्यातली वनस्पती मिळाली, अझोला. एकाच लाव्हाच्या मुलखात कुठे गोडं पाणी, कुठे खारं.

दोन्हींच्या मध्ये फक्त दगड दिसतो. तेवढ्यावर क्षणभर थांबा.

आता डोळे मिटा.

समोर सूक्ष्मदर्शक आहे. त्याखाली काचपट्टी. काचपट्टीवर जेलीचा एक पातळ थर. त्यात काय काय आहे, अजून माहीत नाही.

जे आहे ते तिथवर कसं आलं, हे सावकाश पाहू या.

कुठल्या तरी समुद्री शेल खडकाचा तुकडा घेतात. वरचा मळ खरवडून काढतात. बारीक फोडतात, पण पीठ करत नाहीत. मग हायड्रोक्लोरिक आम्ल. फेस येतो, चुना विरघळतो, फेस बसतो. मग हायड्रोफ्लोरिक आम्ल. हे काच खातं, म्हणून भांडं प्लॅस्टिकचं. कातडीवर पडलं तर आत हाडापर्यंत जातं, म्हणून हातमोजे, बंद कपाट, वर ओढून घेणारा पंखा. वाळू, माती, क्वार्ट्‌झ, सगळं त्यात हळूहळू विरतं.

राहतं ते आम्लाला न जुमानलेलं. परागकण. बीजाणू. लाकडाचे कण. आणि सिस्ट.

मग पाणी घालायचं. गाळ बसेपर्यंत थांबायचं. वरचं पाणी ओतून द्यायचं. पुन्हा पाणी. पुन्हा थांबायचं. आम्लाचा अंश संपेपर्यंत हेच.

या थांबण्याला काही पर्याय नाही. घाईने ओतलं, तर जे शोधायचं तेच वाहून जातं.

तुम्हीही थांबा. श्वास बसू द्या.

पुन्हा एकदा.

आता नळीतून पाहा.

आधी सगळं धूसर आहे. पिवळसर प्रकाश. काळे-तपकिरी तुकडे. बोट फोकसच्या चाकावर ठेवा. थोडं फिरवा. आणखी थोडं.

एक गोल वर येतो.

फिकट पिवळा. जवळजवळ पारदर्शक. साधारण ४० मायक्रॉन. एका मिलिमीटरात अशा २५ ओळीने बसतील.

त्याला काटे आहेत. धोतऱ्याचं बोंड असावं, तसा तो सगळीकडून काटेरी आहे.

लगेच काही म्हणू नका. नाव नको. फक्त त्याची कड पाहा.

डोळ्याने कडेवरून एक फेरी मारा. डावीकडून वर. वरून उजवीकडे. खाली. परत.

कुठे गोलाई आहे, कुठे किंचित टोक. वरच्या बाजूला एक बारीकसा उंचवटा दिसतो का? दिसला तर दिसला.

आता भिंत.

ती दोन थरांची आहे. थर एकमेकांना चिकटलेले आहेत, आणि फक्त काट्यापाशी वेगळे होतात. बाहेरचा थर उचलला जातो आणि काटा होतो. आतला तसाच गोल राहतो.

ही जागा नीट पाहा. काट्याचं बूड.

आता एका काट्यावर राहा. एकाच. बाकीचे असू द्यात.

बुडाशी रुंद. मग निमुळता. मग टोकाशी तो तीन फांद्यांत फुटतो. तुमची नजर स्थिर असेल, तर प्रत्येक फांदी पुन्हा दोन टोकांत फुटलेली दिसते.

तीन. आणि प्रत्येकी दोन.

श्वास आत. श्वास बाहेर.

तीनच का?

उत्तर शोधायला धावू नका. काट्याच्या बुडाकडे परत या. तिथून भिंतीवर बारीक कंगोरे निघालेले दिसतात. एक इकडे. एक तिकडे. एक खाली. तेही तीन.

प्रत्येक कंगोरा पुढच्या काट्यापाशी जातो. तिथून पुन्हा तीन. हळूहळू सगळ्या गोलावर एक आखणी उमटते.

इथे निवांत राहा. मला विचाराल तर सगळं वर्णनशास्त्र या एका जागेत आहे.

जिवंत असताना या जिवाभोवती सेल्युलोजच्या फलकांचं चिलखत असतं. फलक एकमेकांना भिडलेले. मध्यावर आडवा पट्टा, एका बाजूला उभी खाच. पट्ट्यात एक शेपटी लहरत राहते, खाचेतून दुसरी बाहेर पडते. दोन्हींच्या हालचालीने जीव गिरक्या घेत पोहतो.

मग दोन पेशी एक होतात. त्या एका पेशीच्या चिलखताच्या आत सिस्ट बांधली जाते. चिलखत पुढे कुजून जातं. सिस्ट राहते. जिथे तीन फलक भेटत होते, तिथे काटा. जिथे दोन फलकांचा सांधा होता, तिथे कंगोरा.

म्हणजे डोळ्यांपुढे आहे ती नाहीशा झालेल्या चिलखताची खूण. काट्यांमधली प्रत्येक मोकळी जागा एका फलकाची.

त्या मोकळ्या जागांकडे पाहा. काटे मागे सरू द्या.

एक जागा. तिच्या शेजारची. तिच्या शेजारची.

चार्ल्स कोफॉइड यांनी १९०७ च्या सुमाराला या जागांना आकडे दिले. टोकाभोवतीच्या फलकांना आकड्यावर एक बारीक रेघ, त्याखालच्या ओळीला दोन रेघा. असंच पट्ट्याच्या पलीकडे, दुसऱ्या टोकापर्यंत. आजही वर्णन लिहिणारा तेच आकडे वापरतो.

तुम्ही आकडे घालू नका. फक्त ओळ धरून जा.

मध्यावर कंगोऱ्यांच्या दोन समांतर रेषा आहेत. तो पट्टा. त्याच्याबरोबर गोलाला वळसा घाला. पुढची बाजू दिसत नसेल तर फोकस खाली न्या. वरची भिंत विरघळते, मधली कड धारदार होते, मग पलीकडची भिंत वर येते.

आता तुम्ही ती आतून पाहत आहात. डावं उजवीकडे गेलं आहे. वर्णन लिहिताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

पट्टा परत आला. पण जिथून निघाला होता, तिथे नेमका पोचला नाही. एक टोक थोडं खाली राहिलं.

किती खाली? पट्ट्याच्या रुंदीच्या मानाने मोजा. अंदाजाने. या फरकावर जाती वेगळ्या होतात.

थोडं थांबा. डोळ्याला विसावा द्या. पापण्या मिटा, उघडा.

फोकस पुन्हा वर.

पट्ट्याच्या लगेच वरच्या ओळीत, पाठीच्या मधोमध पाहा.

तिथे भिंत नाही.

एक जागा, तिच्या कोपऱ्यांसकट, पूर्ण मोकळी आहे. फाटलेली म्हणावी तर कडा सरळ आहेत. कोपरे नेमके काट्यांपाशी.

पाहत राहा.

ख्रिस्टियान एरेनबर्ग बर्लिनमध्ये चकमकीच्या दगडाच्या पातळ ढलप्या सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, ते १८३० च्या दशकात. त्यांना हे काटेरी गोल दिसतात. ते त्यांना गोड्या पाण्यातल्या हिरव्या शेवाळाच्या एका प्रजातीत टाकतात, आणि फांद्यांसारख्या काट्यांवरून ‘रामोसम’ हे नाव देतात. १८५० मध्ये गिडियन मॅंटेल ‘स्पिनिफेराइट्स’ हे नाव आणतात. १९३३ मध्ये ऑटो वेट्झेल आणखी एक. काटे मोजले जातात, काट्यांची चित्रं काढली जातात, काट्यांवरून कुळं पाडली जातात.

भोक सगळ्यांपुढेच होतं.

१९६१ मध्ये विल्यम इव्हिट त्या भोकाकडे बघतात. त्याचा आकार एका फलकाएवढाच आहे, आणि त्याच फलकाची जागा मोकळी आहे, हे त्यांच्या ध्यानात येतं. मग काट्यांची जागाही उलगडते. हा गोल डायनोफ्लॅजेलेटची सिस्ट आहे, आणि आतला जीव इथून बाहेर पडला. त्या उघडलेल्या जागेला आर्किओपाइल म्हणतात. झाकण सुटून कुठेतरी वाहून गेलेलं असतं.

नवी जात शोधण्यापेक्षा मला हे पाहणं मोठं वाटतं.

पुन्हा त्या मोकळ्या जागेकडे या.

इथून कोणीतरी गेलं.

श्वास सोडा. पूर्ण सोडा.

१९६० च्या दशकात अमेरिकेत वुड्स होलला डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल समुद्रतळाच्या गाळातून जिवंत सिस्ट वेचतात आणि त्या फुटण्याची वाट पाहतात. झाकण उचललं जातं. आतून मऊ पेशी सरकत बाहेर येते, चिलखत चढवते, पोहू लागते. स्पिनिफेराइट्समधून निघतो गोनिऑलॅक्स. गंमत अशी की जीवाश्मतज्ज्ञांनी वेगळ्या मानलेल्या कितीतरी सिस्टमधून सारखाच दिसणारा जीव बाहेर आला. नावांचा घोळ तेव्हापासून आहे, तो पुरता मिटलेला नाही. सिस्टला एक नाव, पोहणाऱ्याला दुसरं.

गोव्यात दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आजच्या गाळातल्या अशा सिस्टचा अभ्यास चालतो. मुरगावला खनिज भरायला येणारं रिकामं जहाज पोटात तोल सांभाळायला पाणी घेऊन येतं. त्या पाण्याबरोबर दूरच्या बंदरातल्या सिस्टही येऊ शकतात. काही जाती विषारी असतात, त्यामुळे ही मोजदाद निव्वळ हौसेची नव्हे. आणि सिस्ट वाट पाहू शकते. स्वीडनमधल्या एका फ्योर्डच्या गाळातून सुमारे १०० वर्षं जुन्या सिस्ट उगवल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

परत आपल्या गोलाकडे.

आता लिहायला हरकत नाही. हळूच लिहा, पाहिलं त्याच क्रमाने.

अंग गोलसर. भिंत दुपदरी, गुळगुळीत. काटे फलकांच्या कोपऱ्यांवर, टोकाशी तिहेरी, पुढे दुभंगलेले. काट्यांना जोडणारे कंगोरे ठेंगणे. पट्टा वळसा घालून खाली सरकलेला. आर्किओपाइल पट्ट्याच्या वर, पाठीकडे, एका फलकाचं, झाकण सुटलेलं.

मग मापं. अंगाची लांबी, रुंदी, काट्याची लांबी. एकाच सिस्टची नकोत, मिळतील तेवढ्यांची. सर्वांत लहान, सर्वांत मोठी.

मग काचपट्टीवरची जागा. इंग्लंड फाइंडर नावाची आखीव काच असते, तिच्यावरची अक्षरं आणि आकडे टिपून ठेवायचे. नव्या जातीचा मूळ नमुना ठरला, तर जगात कुठूनही आलेल्या माणसाला हाच गोल, याच कोपऱ्यात, पुन्हा सापडायला हवा. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या संग्रहात असे मूळ नमुने जपून ठेवलेले आहेत.

आणि नाव?

‘स्पिनिफेराइट्स रामोसस’ लिहावंसं वाटतं. हात जरा आवरा. हे नाव सोयीचं आहे, म्हणून त्यात वाटेल ते कोंबलं गेलं आहे.

काट्यांची टोकं पुन्हा पाहा. सगळी पूर्ण आहेत का? दोन-तीन मोडलेली दिसतात. खाचेचा खालचा भाग एका लाकडाच्या कणाखाली झाकला आहे.

मग ‘स्पिनिफेराइट्स, जात अनिश्चित’ एवढंच लिहा. तशी मुभा आहे, आणि चांगले वर्णनकार ती वापरतात. पुढे कधी स्वच्छ नमुना मिळाला, तर या नोंदीशी ताडून पाहता येईल.

काचपट्टी अर्धा मिलिमीटर सरकवा. पुढचा गोल.