मुभा आणि सक्ती

मासळीबाजारात ओल्या गोणपाटावर निजवलेली मरळ बराच वेळ लोटूनही जबड्याची उघडझाप करीत आहे, हे पाहून एक गृहस्थ सहज उद्गारले, "हिला पाण्याची गरजच नाही!" उद्गार कौतुकाचा होता, तरी तो माझ्या मनात सलत राहिला. तळे आटले की मरळ ओल्या गाळात दबून पावसाची वाट पाहते, रात्री ओलसर गवतातून सरपटत शेजारचे डबकेही गाठते, हे भोयांच्या पोरांनाही ठाऊक आहे. त्याची उजळणी करण्यात हशील नाही. मला भेद करावासा वाटतो तो मुभा आणि सक्ती यांच्यात, कारण प्राण्यांच्या असो वा माणसांच्या, सामर्थ्याविषयी बोलताना आपण हा भेद हमखास विसरतो.

मरळीच्या कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या दोन्ही अंगांना, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या, सुरकुतलेल्या त्वचेचे अस्तर असलेली एकेक पोकळी असते. पृष्ठभागी येऊन घेतलेला हवेचा घोट तिथे साठतो आणि त्यातला प्राणवायू रक्तात उतरतो. कर्बवायू मात्र बव्हंशी कल्ल्यांवाटे पाण्यातच सोडला जातो. असा हा दोन घरांचा संसार आहे, आणि त्यांतले एकही घर तिला सोडता येत नाही. पूर्ण वाढलेल्या मरळीला स्वच्छ, वाहत्या पाण्यातही जाळ्याखाली दाबून वर येऊ दिले नाही, तर मासा असूनही ती गुदमरून मरते. जिला आपण मुभा समजतो, ती वस्तुतः सक्ती आहे.

माझे एक विद्वान स्नेही यावर म्हणतात की, मरळ हा जमिनीवर येऊ पाहणारा अपुरा प्राणी असून उत्क्रांतीच्या जिन्यावर ती एक पायरी चढली आहे. त्यांची ही कैफियत मला मुळीच मंजूर नाही. मरळीच्या कुळाचे अवशेष पाकिस्तानातील इओसीन काळच्या खडकांत सापडले असून त्यांचे वय साडेचार कोटी वर्षांच्या खाली येत नाही. इतका काळ उंबरठ्यावर तिष्ठत राहणाऱ्याला घरात शिरायचे होते, असे कोणता न्यायाधीश मानील? उथळ, तापलेल्या, प्राणवायू सरलेल्या पाण्यात टिकून राहणे हाच तिचा पूर्ण, स्वयंसिद्ध धर्म आहे.

थोडे विषयांतर करतो. कटला-रोहूचे बीज सोडण्यापूर्वी मत्स्यपालक तळ्यातून मरळीला बेदखल करतात. मीटरभर खोल पाण्यात हेक्टरी सुमारे २५०० किलो मोहाची पेंड टाकली की तीतल्या विषाने मासे मरतात. बीज गिळणाऱ्या भक्षकाचा बंदोबस्त करण्याचा मत्स्यपालकाला हक्क आहे. २००२ साली अमेरिकेत मेरिलँडमधील क्रॉफ्टन येथील तळ्यात मरळीची चिनी भावकी आढळली, तेव्हा तिथल्या सरकारने ते पाणी विषारी केले, तेही परक्या मुलखातील जीवसृष्टीच्या रक्षणासाठीच. पण आपल्या ओढ्यांत मरळ परकी नाही. तिथली वहिवाट तिचीच आहे.

आतापर्यंत मी सक्ती म्हणजे न्यून, असे धरून चाललो होतो. परंतु मरळीची वीण पाहिली की ते टिकत नाही. पावसाळ्यात नर-मादी पाणवनस्पतींमध्ये जागा मोकळी करतात, तेलाच्या थेंबामुळे तरंगणाऱ्या अंड्यांवर पहारा ठेवतात, आणि पिले फुटली की त्यांचा तांबूस-नारिंगी थवा पृष्ठभागालगत हिंडू लागतो. थोडी वाढल्यावर हवेसाठी त्यांना वर यावेच लागते, म्हणजे बगळ्याच्या नजरेत यावेच लागते. रोहू अंडी टाकून निघून जातो. मरळीला तसे निघून जाणे परवडणारे नाही. एरवी आपल्याच जातीची पिले गिळायला न कचरणारा हा हिंस्र मासा या काळात थव्याखाली राहून समोर येणाऱ्या प्रत्येकावर झडप घालतो. तेव्हा जी सक्ती पिलांना उघड्यावर आणते, तीच आई-बापांना पहाऱ्यावर बांधते, असे मला आता मानावेसे वाटते. परावलंबनातून वात्सल्य निपजू शकते.

आणि नेमक्या त्या झडपेचा फायदा घेऊन काही गळकरी थव्यावरून बेडूक ओढतात. आई किंवा बाप त्यावर तुटून पडतो आणि गळाला लागतो. मागे उरलेला थवा निराधार होतो. भुकेल्या मरळीला गळाने पकडावे, त्यात अधर्म नाही. पण पहाऱ्यावरील मरळीला तिच्या कर्तव्याच्या बळावर पकडणे अन्याय्य आहे, आणि विणीच्या मुदतीत तरी तो दस्तुर गळकऱ्यांनी स्वतः होऊन सोडावा.