कल्पिताचा इतिहास आणि कोशकाराचे उत्तरदायित्व

कोशातील नोंद सत्य सांगते, ही कोशवाङ्मयामागील मूलभूत प्रतिज्ञा होय. जे कधी अस्तित्वातच नव्हते त्याविषयी ही प्रतिज्ञा कशी पाळावयाची, हा प्रश्न अमेरिकन कॉमिक्समधील सुपरहीरोंच्या संघांवरील नोंदींचे संपादन करताना विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. 'एक्स-मेन' या संघाचे उदाहरण घेता येईल. 'या संघाची स्थापना चार्ल्स झेवियर याने केली' आणि 'हा संघ स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये निर्माण केला' ही दोन विधाने रचनेने सारखीच आहेत. पहिले कथाविश्वापुरते सत्य आहे, दुसरे ऐतिहासिक जगात. एकाच भूतकाळात ती शेजारी-शेजारी आली की हा भेद पुसला जातो.

या भेदाचे महत्त्व संघाच्या कथेतूनच स्पष्ट होते. १९७५ मध्ये लेखक लेन वाइन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी क्राकोआ बेटावर अडकलेल्या जुन्या सदस्यांच्या सुटकेसाठी नवा संघ उभा केला. पुढे २००५-०६ मधील 'डेडली जेनेसिस' या मालिकेत लेखक एड ब्रुबेकर यांनी असे दाखविले की, या संघाच्या आधी आणखी एक संघ बेटावर पाठविण्यात आला होता. ती मोहीम विफल झाली आणि झेवियरने सायक्लॉप्सच्या स्मृतीतून ती पुसून टाकली. मग १९७५ च्या संघाला दुसरा म्हणावे की तिसरा? पाठचिकित्सेत प्रक्षेप ओळखून तो मूळ संहितेपासून वेगळा केला जातो; येथे स्वामित्वहक्क बाळगणारा प्रकाशकच प्रक्षेपाला प्रमाण पाठाचा दर्जा देतो. कथांतर्गत कालक्रम निमूटपणे स्वीकारणारा संपादक मग झेवियरचेच कृत्य करतो : तीस वर्षे वाचकांनी जी कथा वाचली, तिची स्मृती तो पुसतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, कथाविश्वाची अंतर्गत सुसंगती हीसुद्धा एक वाङ्मयीन सिद्धी आहे आणि तिचा आलेख देणे गैर नाही. मार्क ग्रुएनवॉल्ड यांच्या पुढाकाराने १९८३ पासून मार्व्हलने प्रसिद्ध केलेली 'ऑफिशियल हँडबुक' ही मालिका याच भूमिकेवर उभी आहे. परंतु ती त्या कथाविश्वाचाच विस्तार होती. सर्वसाधारण ज्ञानकोशाची बांधिलकी कथाविश्वाशी नसून वाचकाशी, आणि तितकीच निर्मात्यांशीही असते.

निर्मात्यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. कर्बी १९९४ मध्ये निवर्तले. त्यांच्या वारसांनी २००९ मध्ये अनेक पात्रांवरील हक्क परत मिळविण्यासाठी पावले उचलली. न्यायालयांनी प्रकाशकाच्या बाजूने निर्णय दिले आणि अखेर २०१४ मध्ये तडजोड झाली. जेथे निर्मितीचे श्रेयच असे वादग्रस्त होते, तेथे झेवियरला 'संस्थापक' ठरवून थांबणारी नोंद नकळत एका पक्षाच्या सोयीची ठरते.

विकिपीडियाच्या लेखनसंकेतांत कथानक वर्तमानकाळात सांगावे आणि मांडणी वास्तव जगाच्या दृष्टिकोनातून करावी, असे सुचविलेले आहे. वरवर तो व्याकरणाचा नियम दिसतो. वस्तुतः त्यात नैतिक विवेक आहे. वर्तमानकाळामुळे कथा पुन्हा पुन्हा वाचली जाणारी संहिता म्हणून उरते, आणि भूतकाळ ज्यांनी खरोखर काही केले त्यांच्यासाठी मोकळा राहतो. झेवियर संघ स्थापन करतो. कर्बी यांनी तो रेखाटला.