काळी चारचा तिढा

'बॉडी अँड सोल' हे गाणं जॉनी ग्रीन या न्यूयॉर्कच्या तरुण पियानोवादकाने 1930 साली गर्ट्रूड लॉरेन्स या इंग्लिश नटीसाठी रचलं. बत्तीस बारचं, संथ, वरवर साधं वाटणारं. जॅझवाले ते सहसा डी फ्लॅटमध्ये वाजवतात. म्हणजे आपली काळी एक. आपल्याकडच्या पुरुष गायकांची ही हक्काची पट्टी, पण गिटारवाल्याच्या कपाळावर ती आठ्या आणते. गिटारच्या सहा मोकळ्या तारांपैकी एकही या स्केलमध्ये बसत नाही.

हे गाणं एका भाचीला गायचं आहे, तेही स्वतःच्याच गिटारच्या साथीने, पिक न धरता, बोटांनी. तिचा गळा काळी चारला म्हणजे ए फ्लॅटला स्वस्थ बसतो. मामांनी उभा जन्म पेटीवर साथ केलेली. वाद त्या दोघांचा आहे. मधूनमधून लुडबूड माझी.

मामा : यात अडलंय काय? गळा काळी चार म्हणतोय ना, मग काळी चार. सा गाणाऱ्याचा असतो. साथ करणाऱ्याने मुकाट आपली बोटं सरकवायची.

भाची : मामा, साथ करणारीही मीच आहे. ए फ्लॅटमध्ये मला एकच मोकळी तार मिळते, तिसरी. बाकी सगळं दाबून वाजवायचं. त्यात पुन्हा शब्द तालाच्या जरा मागे रेंगाळत गायचे. हात आवळलेला आणि गळा सैल, हे एका वेळी जमवून दाखवा.

मामा : मग अर्धा सूर चढ. पांढरी सहा.

भाची : ए मेजरमध्ये पाच तारा मोकळ्या मिळतात, खरंय. पण वरच्या जागेला माझा आवाज ताणतो.

मामा : अर्ध्या सुराने?

भाची : शेवटच्या अर्ध्या सुरानेच ताणतो. तुम्हीच सांगायचात.

मामा : बरं, मग कॅपो लाव. आमच्या पेटीला स्केल चेंजर असतो, तसाच तुमचा तो चिमटा. पहिल्या पडद्यावर लावायचा, जी मेजरचे सोपे हात धरायचे, ऐकू येईल ए फ्लॅट. गळाही खूश, हातही खूश.

इथे ही चर्चा संपायला हवी होती. बहुतेकांची संपतेच. पण भाचीने वही उघडली.

भाची : गाण्याची बांधणी बघा. आठ-आठ बारचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे, तिसरा वेगळा.

मामा : म्हणजे तिसरा अंतरा, बाकीचे ध्रुपद.

भाची : अंतराच म्हणा. आणि ग्रीनची करामत त्या अंतऱ्यातच आहे. डी फ्लॅटमधलं गाणं तिथे अचानक अर्धा सूर वर उडी मारतं, डी मेजरमध्ये. चार बारनंतर सी मेजरमध्ये उतरतं आणि मग घसरत घसरत घरी येतं. आता गिटारवर हे कसं होतं ते ऐका. डी फ्लॅटमध्ये मोकळी तार एकही नाही. डी मेजरमध्ये सहाच्या सहा. सी मेजरमध्येही सहाच्या सहा. इतका वेळ बोटांखाली दबलेलं वाद्य अंतऱ्यात एकदम बोलायला लागतं.

मामा : आणि काळी चारला?

भाची : जवळजवळ तसंच. ए फ्लॅटमध्ये एक तार, अंतरा ए मेजरमध्ये गेला की पाच, जी मेजरमध्ये उतरला की सहा. पण कॅपो लावला की चित्र पालटतं. ध्रुपदाला सहाही तारा मोकळ्या, आणि अंतऱ्यात एकेकच उरते. आधी तिसरी, मग दुसरी. सूर तेच, पट्टी तीच. उजेड-अंधार मात्र उलटे.

मामा थोडे थांबले. पेटीवाल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण पेटीचा प्रत्येक सूर भात्यातल्या त्याच हवेवर जगतो. काळी-पांढरी हा फरक हाताला कळतो, कानाला नाही. गिटारचं तसं नाही. मोकळी तार बोट उचललं तरी घुमत राहते, शेजारच्या तारांनाही जागं करते. सतारीच्या तरफा आठवाव्यात. दाबलेली तार बोट सुटलं की गप्प.

मामा : पण ग्रीन पियानो वाजवायचा. त्याच्या डोक्यात तुझ्या मोकळ्या तारा असणं शक्य नाही. जे रचणाऱ्याने ठेवलंच नाही, त्याच्याशी कसलं इमान राखतेस?

भाची : तारांशी नाही, त्या उडीशी. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण दुसऱ्या खोलीत आलो. पियानोवर ते पट्टी बदलल्याने होतं. गिटारवर नाद बदलल्यानेही होतं. ते हातात असताना का सोडू?

मामा : दुसरी खोली म्हणजे जास्त उजेडाचीच, हे कुणी ठरवलं? त्या अंतऱ्यात बाई काय म्हणते?

भाची : तिचा विश्वास बसत नाहीये. हा माणूस आपल्याला नाकारतोय, हे तिच्या मनाला पटत नाही.

मामा : मग अशा बाईला घुमणाऱ्या तारा कशाला हव्यात? आतापर्यंत वाद्य तिला सांभाळून घेत होतं. विश्वास उडाला त्या क्षणी त्यानेही हात काढून घेतला. कोरड्या तारा आणि उघडा गळा. मला तर तुझा कॅपोच जास्त शहाणा वाटतो.

माझ्या मते वादाचं खरं वळण इथे आलं. तोवर दोघं सोय विरुद्ध निष्ठा असं भांडत होते: कॅपो म्हणजे सोय, कॅपोशिवायची उघडी ए फ्लॅट म्हणजे निष्ठा. मामांच्या या बोलण्याने सोयीलाही अर्थ आला, आणि भाचीला आपली निष्ठा म्हणजे अनेकांतला एक अर्थ आहे हे कबूल करावं लागलं. अर्थात तिने ते लगेच केलं नाही.

भाची : हे तुम्ही कॅपोसाठी नंतर शोधलेलं कारण आहे.

मामा : असेल. तू मोकळ्या तारा मोजल्यास त्याही गाणं आवडल्यानंतरच ना? कोलमन हॉकिन्सची ती 1939 सालची रेकॉर्ड तूच मला ऐकवलीस. टेनर सॅक्सोफोनवर दोन फेऱ्या. सुरुवातीचे काही बार सोडले तर मूळ चालीला तो जवळजवळ शिवतही नाही. शब्द तर नाहीतच. तरी ते 'बॉडी अँड सोल' नाही असं कुणी म्हणालं?

भाची : पण कॉर्डची वाट त्याने सोडली नाही. अंतऱ्यातली उडी तिथल्या तिथे आहे.

मामा : तुझीही राहणारच आहे. कॅपोने उडी जात नाही, उडीचा रंग बदलतो.

भाची : आणि तो रंग मी निवडलेला नसून चिमट्याने निवडलेला असेल, तर?

हा प्रश्न मला मामांच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा मोलाचा वाटतो. एला फिट्झजेराल्ड आणि जो पास यांचा 1973 चा 'टेक लव्ह ईझी' हा अल्बम ऐकताना वाटतं की एक गळा आणि एक गिटार एवढ्यात सगळं मावतं. पण तिथे माणसं दोन होती. एला आपल्या पट्टीत निवांत गायची आणि अडचणीचे हात निस्तरायला पास बसलेला असायचा. भाचीच्या वाट्याला दोन्ही आलंय. बत्तीसपैकी चोवीस बार ध्रुपदाचे. उघड्या ए फ्लॅटमध्ये ते चोवीस अवघड आणि अंतऱ्याचे आठ सोपे. कॅपो लावला तर चोवीस सोपे, आठ अवघड. एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला हा हिशेब क्षुद्र म्हणून झटकता येत नाही. डाव्या हाताची धास्ती गळ्यात उतरते, आणि मग ज्या आरामासाठी काळी चार निवडली तोच हरवतो.

मामा : मग ठरलं काय?

भाची : पट्टी काळी चार. त्याबद्दल वाद नाही. कॅपोचं उद्या सांगते.

मामा : उद्याही तू वहीच उघडशील.

माझं मत विचाराल तर कॅपो लावावा. ध्रुपद सैल हाताने गावं, आणि अंतऱ्यात ती तिसरी एकच तार मोकळी घुमू द्यावी. ती ए मेजरचा नी आहे. तो सा कडे ओढ घेत असतानाच गाणं जी मेजरमध्ये उतरतं. एवढी एक जागा तरी तिने स्वतः निवडून घ्यावी.