उन्हाची मालकी

ऊन कोणाच्या मालकीचे, असे कोणी विचारले तर आपण हसून तो प्रश्न सोडून देऊ. ते भल्याच्या अंगणात पडते तसे बुऱ्याच्याही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु तेच ऊन पाठपिशवीवर बांधलेल्या घडीच्या सौर पॅनेलवर पडले, त्याची वीज झाली आणि ती मुठीत मावेल अशा पॉवर बँकेत साठली, म्हणजे ती वीज कोणाची? एका डोंगरावर हा प्रश्न माझ्यापुढे आला, आणि मी त्याचे उत्तर फार घाईने दिले.

आधी साधनाविषयी थोडे सांगतो. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला, तेव्हा पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्क्यांचीच तो वीज करी. आजची चांगली पॅनेले वीस टक्क्यांहून अधिक करतात. निरभ्र दुपारी चौरस मीटरभर जागेवर सुमारे १,००० वॉट ऊन पडते. तरीही २१ वॉटचे म्हणून घेतलेले लहानसे पॅनेल प्रत्यक्षात बारा ते पंधरा वॉटच देते, आणि तेही सूर्याकडे नीट तोंड करून ठेवले तर. आतील घट साखळीसारखे एकमेकांस जोडलेले असतात. त्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी सगळ्याच पॅनेलची वीज एकदम खाली येते. ढग आला की मोबाईल भरायचा थांबतो, आणि ढग सरला तरी कधी कधी पुन्हा सुरू होत नाही. म्हणून जाणती माणसे उन्हाची वीज आधी पॉवर बँकेत घेतात, ती बँक पॅनेलच्याच सावलीत ठेवतात, आणि रात्री तिच्यातून मोबाईल भरतात. आजच्या मोबाईलची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची असते. वाटेतली गळती धरली तर तिला दोन तासांचे चांगले ऊन लागते. हा हिशेब मांडला तो एवढ्याचसाठी की, उन्हाला तोटा नसला तरी या विजेला असतो.

निवांतपणा शोधायला डोंगरात जावे आणि तेथेही फोन भरत बसावे काय, हा एक निराळा प्रश्न आहे. तो आज बाजूला ठेवू.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात आम्ही चौघेजण अकोले तालुक्यातील पाचनईहून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. वर एका झोपडीत जेवणाची सोय होती. तेथे वीज नव्हती. दुपारी तीनच्या सुमारास मी खडकावर पॅनेल पसरले. त्याला दोन वायरी लावता येत. एकीवर पॉवर बँक होती, दुसरीवर कॅमेरा. झोपडीचे मालक वयस्क गृहस्थ होते, आम्ही त्यांना मामा म्हणत होतो. ते जवळ येऊन थोडा वेळ पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "सर, माझा बी फोन लावता का जरा? सकाळधरनं बंद हाय. पोरीला बाळंतपणाला दवाखान्यात न्यायचं व्हतं."

मी म्हणालो, "मामा, ढग येताहेत. आधी हे भरू द्या, मग बघू."

ते "बरं" म्हणून चुलीकडे गेले. ढग खरोखरच आले. मग बघण्याची वेळ आली नाही. संध्याकाळी कोकणकड्यावर सूर्यास्ताचे फोटो मात्र निघाले.

त्या रात्री माझे मन जो युक्तिवाद करीत होते, तो नवा नव्हता. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे मांडले की, निसर्गात जे सर्वांचे आहे त्यात माणसाने आपले श्रम मिसळले म्हणजे ते त्याचे होते. पॅनेल मी विकत घेतले, पाठीवर वाहून आणले, दर अर्ध्या तासाने सूर्याकडे वळवले. मग वीज माझी नव्हे काय? शिवाय मी मामांचे ऊन कोठे घेतले? त्यांच्या छपरावर ते पडतच होते. परंतु लॉकने दोन अटीही घातल्या आहेत: इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरावे, आणि घेतलेले वाया जाऊ नये. मामांना ऊन उरले होते, वीज उरली नव्हती. ज्याच्याजवळ साधन नाही त्याला अशी देणगी नुसती दिसते, हाती लागत नाही. श्रमांविषयी म्हणाल, तर उतारवयात रोज तो गड चढणाऱ्या माणसापुढे माझ्या अर्ध्या किलोच्या ओझ्याची गोष्ट मी न काढलेलीच बरी.

आपल्या वाचकांना येथे रानातील मान्ना आठवेल. जास्त गोळा करणाऱ्याचे जास्त झाले नाही आणि सकाळपर्यंत ठेवलेल्याला किडे पडले. ही कथा सांगून पॉवर बँकेची निंदा करणे सोपे आहे. परंतु ते मला पटत नाही. त्याच कथेत शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवलेले नासत नाही. म्हणजे साठवणे हाच दोष नव्हे. रात्री कोणाचा पाय मुरगळला असता तर आमच्यापैकी एकाचा फोन चालू असणे आवश्यकच होते, आणि चौघांची जबाबदारी माझ्यावर होती. दहा जणांनी वायर मागितली असती तर मी कोणालाही पुरा पडलो नसतो. नकार देण्याची वेळ प्रामाणिक माणसावरही येते. हे सर्व मी स्वतःला सांगून पाहिले आहे. अडचण एवढीच की, संकटासाठीची वीज पहिल्या वायरीवर साठत होती. दुसऱ्या वायरीवर कॅमेरा होता.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते, हे मी विचारीत नाही. पॅनेल नसले तरी तुमच्याजवळ अशी दुसरी वायर कोठे ना कोठे असेल, आणि तिच्यावर काय लावले आहे हे तुम्हालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा उजाडण्यापूर्वीच खाली गेले होते. चहा त्यांच्या भाच्याने दिला. आम्ही दहाच्या सुमारास पाचनईत उतरलो, तेव्हा पिशवी रिकामी करताना मी सहज पॉवर बँकेचे बटण दाबले. चारांपैकी तीन दिवे लागले.