पात्यावरचा टवका

खापरहून अक्कलकुवा आणि तिथून देवगोईचा घाट चढून मोलगी. या वाटेवर प्रवासी जीपचा पाटा मोडणं ही काही बातमी नाही. पाटा मोडला की माणसं उतरतात, ड्रायव्हर कपाळाला हात लावतो, मागून दुसरी जीप येते. मग गॅरेजात तुटलेली पट्टी हातात घेऊन कुणीतरी विचारतंच, ‘काल तर चांगला होता, आज कसा मोडला?’ या साध्या प्रश्नात एक पक्की समजूत आहे. काल टिकलं ते आजही टिकायला हवं. यंत्रांवरचा आपला बहुतेक भरवसा याच समजुतीवर उभा असतो. विमानाच्या प्रोपेलरचा सव्वाशे वर्षांचा प्रवास म्हणजे ही समजूत टप्प्याटप्प्याने कशी खोटी ठरत गेली, त्याची गोष्ट आहे.

प्रोपेलर जवळून पाहायला खापरकराला फार लांब जावं लागत नाही. दारावरून जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता तळोदा, शहादा करत शिरपूर गाठतो. तिथे धावपट्टी आहे आणि वैमानिक घडवणारी संस्थाही. धुळ्याजवळ गोंदूरच्या विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं. हा क्लब 1928 साली जुहूला सुरू झाला. अशा शाळांमधून सर्रास दिसणारं सेस्ना 172 घ्या. नाकावर दोन पात्यांचा, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा प्रोपेलर, टोकापासून टोकापर्यंत सुमारे 1.9 मीटर. लांबून पाहिलं तर पंखाच. मग त्याचं एवढं काय?

राइट बंधूंनाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. जहाजाचे प्रोपेलर तोवर कित्येक दशकं पाण्यात फिरत होते, तेव्हा त्यांचं गणित पुस्तकात तयार मिळेल आणि ते हवेला लावता येईल, असा त्यांचा अंदाज होता. पुस्तकं चाळल्यावर कळलं, की जहाजवाल्यांकडे अनुभव भरपूर, पण उपयोगी पडेल असं शास्त्र नाही. करून बघायचं, चाललं तर ठेवायचं, ही त्यांची रीत. महिनोन्‌महिने वाद घालून दोघे भाऊ ज्या निष्कर्षाला आले, तो आज साधा वाटतो. प्रोपेलर म्हणजे हवेत घुसणारा स्क्रू नव्हे, तर गोल फिरणारा पंख. विमानाचा पंख पुढे सरकताना वर उचलणारं बल निर्माण करतो. तोच पंख उभा करून गरगर फिरवला, की ते बल पुढच्या दिशेला मिळतं.

एकदा पंख म्हटल्यावर पात्याला पीळ का हवा, तेही उलगडतं. एका फेऱ्यात पात्याचं टोक लांबचं अंतर कापतं, मुळाजवळचा भाग थोडंसंच. विमानाबरोबर पुढे मात्र दोन्ही भाग सारखेच सरकतात. पात्याच्या प्रत्येक भागाला हवा योग्य कोनात भेटायची तर मुळाशी पातं जास्त तिरपं आणि टोकाकडे चपटं होत जायला हवं. राइट बंधूंनी स्प्रूसच्या फळ्या एकमेकींवर चिकटवून साधारण साडेआठ फुटी प्रोपेलर हाताने कोरले. इंजिनाची तीन चतुर्थांशांच्या आसपास ताकद ते कामी लावत होते. आजच्या चांगल्या प्रोपेलरशी तुलना केली तरी हा आकडा लाजिरवाणा नाही.

चालण्याचं कोडं सुटलं, पण टिकण्याचं लगेच समोर आलं. नोव्हेंबर 1903 मध्ये, उड्डाणाच्या तोंडावर, प्रोपेलर फिरवणाऱ्या पोकळ पोलादी दांड्याला चीर गेली. दोघांपैकी ऑरव्हिल आपल्या गावी, डेटनला परतला, भरीव पोलादाचे दांडे घेऊन आला, आणि 17 डिसेंबरला विमान उडालं. कमी पडलं तर जाड करा, हा त्या काळचा सरळ उपाय होता, आणि तेव्हा तो पुरलाही. 17 सप्टेंबर 1908 ला फोर्ट मायर इथे तो पुरला नाही. ऑरव्हिलच्या विमानाच्या एका लाकडी पात्याला उभा तडा गेला, थरथर सुरू झाली, पातं सुकाणूच्या ताणतारेला लागलं आणि विमान कोसळलं. सोबत असलेला लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज दगावला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातातला हा पहिला मृत्यू. पातं मोडून पडण्याचीही गरज नव्हती, त्याचा तोल बिघडणंच पुरेसं ठरलं.

मग धातू आला. 1920 च्या दशकात अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची पाती रूढ होऊ लागली. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे पाती जिथे बसतात त्या हबचे बोल्ट ऋतू पालटला की पुन्हा तपासून आवळावे लागतात. धातूला ही कटकट नाही. पण लाकूड थरथर बरीचशी गिळून टाकतं, धातू तितकी गिळत नाही. रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं, की एका खेपेला सहज पेलणारा भार लाखो वेळा पडला तर धातू मोडतो. पोलादाच्या बाबतीत निदान एक मर्यादा सापडते, जिच्याखाली ते जवळजवळ अखंड टिकतं. अॅल्युमिनियमला अशी सुरक्षित पायरीच नाही. त्याच्यासाठी प्रत्येक झटका हिशोबात धरला जातो. इथे कालच्या टिकण्याचा अर्थच उलटा होतो. काल टिकलं म्हणजे त्याच्या आयुष्यातलं तेवढं खर्ची पडलं.

आता सेस्नाच्या प्रोपेलरचे आकडे मांडून पाहा. मिनिटाला 2700 फेरे झाले तर पात्याचं टोक ताशी सुमारे 970 किलोमीटर वेगाने धावतं. मध्यापासून 35 सेंटिमीटरवरचा एक किलो धातू बाहेरच्या दिशेला पावणेतीन टनांहून जास्त जोराने खेचला जातो. चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के देतं, म्हणजे तासाला सव्वातीन लाखांच्या आसपास. यातला प्रत्येक धक्का पात्याला किंचित वाकवतो आणि सोडतो. या सगळ्यात धावपट्टीवरचा एखादा खडा उडून पात्याच्या पुढच्या धारेला लागतो आणि ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडतो. वजनात काही फरक पडत नाही, विमान तसंच उडतं. पण धातूतला ताण त्या खाचेच्या तळाशी गोळा होतो, आणि चीर तिथूनच निघते.

यावरचा उपाय पहिल्यांदा पाहणाऱ्याला उफराटा वाटेल. टवका भरत नाहीत, उलट आणखी धातू काढतात. परवानाधारक इंजिनिअर बारीक कानस पात्याच्या लांबीच्या दिशेने चालवतो, आडवी कधीच नाही, कारण आडवा चरा म्हणजे नवी खाच. टोकदार खाचेची उथळ, पसरट खळगी होईपर्यंत तो घासतो आणि मग एमरी पेपरने गुळगुळीत करतो. नंतर पातळ लाल रंग लावून थांबायचं, रंग पुसून घ्यायचा आणि वर पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तर आत मुरलेला रंग पांढऱ्यावर लाल रेघ होऊन वर येतो. किती खोल, किती रुंद घासायचं हे प्रोपेलर बनवणाऱ्याच्या पुस्तकात ठरलेलं असतं; त्यापलीकडे गेलं की पातं बाद. आणि झालेलं काम प्रोपेलरच्या स्वतंत्र लॉगबुकात सहीनिशी नोंदवायचं. कमी धातूचं पातं जास्त सुरक्षित होतं, ही गोष्ट 1903 च्या ‘जाड करा’पासून किती दूर आली, ते पाहण्यासारखं आहे.

पण डोळ्याला दिसेल ते दुरुस्त केलं की झालं, ही समजूतही टिकली नाही. 21 ऑगस्ट 1995 ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॅरल्टनजवळ 29 जणांना घेऊन जाणाऱ्या एम्ब्रेअर 120 विमानाचं एक पातं हवेत तुटलं. असंतुलनाने इंजिन जागचं हललं, विमान उंची धरू शकलं नाही आणि शेतात कोसळलं. चीर पात्याच्या पोटातल्या पोकळीत सुरू झाली होती. तिथे बसवलेल्या बुचातल्या क्लोरीनने धातूला बारीक खड्डे पडले होते. आदल्याच वर्षी त्याच जातीची पाती दोनदा हवेत तुटली होती, म्हणून तपासणी सुरू झाली होती. तपासणीत हे पातं अडकलंही होतं. कारखान्यात ते आतून घासलं, चीर दिसली नाही, आणि घासल्याच्या खुणांमुळे पुढच्या तपासणीतही ती लपून राहिली. दुरुस्तीनेच दोष झाकला.

प्रोपेलरचं वय तासांबरोबर वर्षांतही मोजतात, त्यामागे असा न दिसणारा गंजच आहे. यातलं जे आधी भरेल, तेव्हा तो उघडून संपूर्ण तपासायचा. हँगरमध्ये उभं असलेलं विमान आपल्याला विश्रांती घेतंय असं वाटतं, पण पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या दमट हवेत गंजाचं काम न उडताही चालू असतं.

धोका फक्त धातूतच असतो असंही नाही. 1930 च्या दशकात उड्डाणातच पात्यांचा कोन बदलता येऊ लागला. चढताना एक कोन, सरळ जाताना दुसरा. इंजिन बंद पडलं तर पाती वाऱ्याला समांतर करून त्यांचा अडथळा कमी करायचीही सोय झाली. सोय खरी, पण तिच्याबरोबर नवा धोकाही आला. 15 जानेवारी 2023 ला नेपाळात पोखऱ्याला उतरताना एटीआर 72 विमानाचे दोन्ही प्रोपेलर असे समांतर झाले. पंखांमागच्या झडपांच्या, म्हणजे फ्लॅपच्या, दांड्याऐवजी शेजारचे प्रोपेलरचे दांडे ओढले गेले होते. इंजिनं चालू, प्रोपेलर धडधाकट आणि पुढे ओढणारं बल मात्र शून्य. 72 जण गेले. पातं निर्दोष असूनही विमान पडू शकतं, हा या प्रवासातला सगळ्यात अलीकडचा धडा.

जमिनीवरचा नियमही अशाच अविश्वासातून आलेला आहे. चावी काढली तरी प्रोपेलर जिवंत समजायचा. अशा इंजिनात ठिणगी देणारा मॅग्नेटो बॅटरीवर चालत नाही. तो बंद ठेवणारी एक वायर तुटली, तर हाताने पातं फिरवणंही इंजिन धडधडायला पुरेसं होऊ शकतं.

हा सगळा प्रवास एका ओळीत मांडायचा तर पुरावा द्यायची जबाबदारी बदलली. आधी धोका आहे हे सिद्ध करावं लागे. आता धोका नाही हे रोज सकाळी नव्याने दाखवावं लागतं. ते दाखवणारा बहुतेकदा कुणी मोठा तज्ज्ञ नसतो. उड्डाणाआधी पात्याच्या धारेकडे टॉर्च मारून पाहणारा, बोटाने खाच चाचपणारा विद्यार्थी असतो. टवका सापडला की त्याचं उड्डाण बुडतं, तास बुडतात, मागे रांग खोळंबते. अशा वेळी त्याला शाबासकी मिळते की टोमणा, यावर त्या शाळेची सुरक्षितता ठरते. टोमणा मिळाला तर पुढचा विद्यार्थी टवका पाहील आणि गप्प बसेल. धातूतली चीर शोधायला लाल रंग आहे, त्या गप्प बसण्यावर अजून कुठलाच रंग निघालेला नाही.